मेगनच्या ओट्यावरचा मी

मी कुकर बोलतोय. हो, तोच, तीन लिटरचा. आवाज चढा आहे माझा, पण स्वभावाने मी वाईट नाही.

सुचित्राच्या बॅगेत बसून मी पुण्याहून शारजाला आलो. अल मजाजमधल्या तिच्या घरात मोठा कुकर आधीच होता, त्यामुळे माझी रवानगी थेट वरच्या कपाटात झाली.

मग शेजारच्या फ्लॅटमध्ये मेगन राहायला आली. अमेरिकेतल्या एका लहानशा गावातली, जेमतेम चोवीस वर्षांची, सुचित्राच्या ओवीला शाळेत इंग्रजी शिकवणारी. मिस रोज रात्री ब्रेडच खाते, हे ओवीकडून कळताच सुचित्राने मला तिच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. "सिंपल आहे. थ्री शिट्टी, देन खलास. गॅस बंद."

पहिल्याच शिट्टीला मेगन अनवाणी कॉरिडॉरमध्ये पळाली. "मिस, इट्स ओन्ली डाल," ओवी म्हणाली. मला वाईटच वाटलं. पण हळूहळू आमचं जमलं. दोन वर्षांत वरण, राजमा, खिचडी, सगळं झालं. फसलेलं वरणही सुचित्रा मागून घ्यायची आणि शेजारी बसून शाळेतल्या गमती ऐकत राहायची.

करार संपला. मेगनने सोफा विकला, गादी विकली. बॅग काठोकाठ भरली आणि मी ओट्यावर तसाच. आता आपणही कुणाच्या तरी घरी जाणार, असं मनाशी म्हणत होतो, तोच तिने बॅगेतले बूट बाहेर काढले आणि मला आत कोंबलं. वाफ असती तर तिथेच शिट्टी मारली असती.

घरी परतली खरी, पण पोरगी गप्प झाली. भेटेल तो विचारी, "तिकडे फार उकडतं ना?" आणि उत्तर यायच्या आत विषय बदले. तिची आईसुद्धा त्यातलीच. मेगनच्या पोटात दोन वर्षं साठलेली, ती सांगायची कुणाला? मला फार कळवळून यायचं.

एका रविवारी तिने वरण लावलं, जिऱ्या-हिंगाची फोडणी दिली. वासाने आई आत आली, माझ्यात डोकावली. "हे तुला कुणी शिकवलं?"

मेगन बोलायला लागली. सुचित्रा, ओवी, खाडीकाठची संध्याकाळ. आई खुर्ची ओढून बसली. वरण पार गार झालं, तरी कुणी उठलं नाही.

मी आता चेपलोय, दांडाही डुगडुगतो. एवढंच मागतो. तुमच्याकडे कुणी लांबून परत आलं, तर हवा विचारू नका. तिकडे काय जेवायचं ते विचारा, आणि खुर्ची ओढून बसा.