तिरपे बाण

सरांना शाळेतल्या बाईंचा भारी तिटकारा. का, तर ती बाई पोरांना संयुजा समजावून सांगते! अणूला हात असतात काय, ते एकमेकांचे हात धरतात काय, तासच्या तास त्यातच घालवते. "रसायनशास्त्र शिकवतेय की बालवाडी चालवतेय?" असं सर आपल्या क्लासात म्हणायचे आणि दाटीवाटीने बसलेली पोरं फिदीफिदी हसायची.

सरांकडे असले लाड नव्हते. फळ्यावर दोन मूलद्रव्यं, त्यांच्या संयुजा, मधे दोन तिरपे बाण. इकडचा आकडा तिकडे, तिकडचा इकडे, भाग जात असेल तर भाग द्या, झालं सूत्र. मॅग्नेशियमची दोन, ऑक्सिजनची दोन, दोनाने भाग, एम-जी-ओ. 'का' विचारणाऱ्या पोराची सर अशी काही खिल्ली उडवायचे, की ते पुन्हा तोंड उघडायचं नाव घेत नसे. शास्त्र कसलं, नुसती घोकंपट्टीची गिरणी! पण मार्क पडायचे, आणि त्या जोरावर सर गल्लीतून मान ताठ करून हिंडायचे.

आणि आता त्यांची स्वतःची मुलगी शाळा सुटल्यावर त्या बाईंकडे शिकायला थांबू लागली. खालच्या मजल्यावर बापाचा क्लास, आणि लेक दुसऱ्याच्या दारात! परवा एका पालकाने तोंडावर विचारलं, "काय सर, घरचंच गिऱ्हाईक बाहेर?" सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्यापासून माझ्याकडे पहिल्या बाकावर बसायचं," जेवताना त्यांनी फर्मान काढलं. "सगळ्यांना दिसलं पाहिजे."

"बसते की," मुलगी म्हणाली. "एक शंका आहे, तेवढी सोडवा." तिने कपाटातून जखम धुवायच्या औषधाची बाटली आणून ताटाशेजारी ठेवली. "हायड्रोजन पेरॉक्साइड. एच टू ओ टू. तुमच्या नियमाने दोनाने भाग जातो. मग हे एच-ओ का नाही?"

सरांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. एवढी वर्षं शिकवलं, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"अपवाद आहे तो."

"का?"

"अपवादाला का नसतं! परीक्षेत येत नाही ते."

"सांगा की हो, एवढं विचारतेय ती," बायको वाढता वाढता म्हणाली. तिची पक्की खात्री होती, की यांना येतच असणार.

"जेवताना बाटल्या काय आणतेस? अक्कल गहाण टाकलीस?" सर कडाडले. "त्या बाईचीच थेरं ही!"

मुलगी चिडली नाही. "संयुजा म्हणजे हात, बाबा. ऑक्सिजनला दोन. इथे एका हाताने त्याने हायड्रोजनला धरलंय, दुसऱ्याने शेजारच्या ऑक्सिजनला. भाग दिला तर एक हात मोकळाच लोंबकळेल."

"येत होतं, तर विचारलंस कशाला?"

"नुसतं 'माहीत नाही' म्हणाला असतात, तरी मी उद्या येऊन बसणार होते."

ती ताट घेऊन उठली. सरांनी बायकोकडे बघितलं. तिने मान दुसरीकडे फिरवली.