बल्ब पिवळा पडला की सेव्ह

शेवगावात लाईट कधी एकदम जात नसे. आधी बल्ब पिवळा पडायचा, पंख्याला आळस यायचा, आणि माणसाला हातातलं आवरायला दोन-चार श्वासांची सवड देऊन मग ती जायची. एवढा शिष्टाचार तिने पाळला होता. या सवडीचा फायदा घेतला नाही तर आपल्यासारखे मूर्ख आपणच, असं यशोधरा भिंगारदिवेला वाटलं आणि तिथूनच सगळ्या मनस्तापाला सुरुवात झाली.

नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून ती गावी परतली होती आणि आबासाहेबांच्या सेंटरवर शिकवत होती. सेंटर म्हणजे बाजार समितीच्या रस्त्यावरचा एक गाळा, पुण्याहून आणलेली तीन जुनी यंत्रं, आणि यूपीएस म्हणून एक डबा. त्याची बॅटरी कधीच मेली होती. लाईट गेली की तो फक्त शिट्टी मारायचा. सकाळी शिकणारी मुलं-मुली, दुपारनंतर टायपिंगची कामं. यशोधरेने आल्या आल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, ‘बल्ब पिवळा पडला की आधी सेव्ह’, आणि नुसता चिकटवला नाही तर सगळ्यांकडून घोटून घेतला. कोणी विसरलं तर ती चारचौघांत असं काही बोलायची की पुन्हा विसरायची छाती होत नसे. पुढे पुढे पंखा जरा मंदावला तरी तिन्ही यंत्रांवरचे हात आपोआप त्या कळांवर जायला लागले. डोक्याला विचारायची गरजच उरली नाही.

मजकूर टाइप करायला तिने यंत्रांवर जो एडिटर घातला होता तो फुकटचा होता. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तो मिळाला होता. त्याचा आतला कोड सगळ्यांना उघडा. ज्याला समजेल त्याने वाचावा, चूक सापडली तर दुरुस्त करावी आणि दुरुस्ती मूळ माणसाकडे पाठवावी. आबासाहेबांना हे पटवताना तिच्या नाकी नऊ आले. चांगली वस्तू कोणी फुकट का देईल, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. शेवटी काही बिघडलं तर जबाबदारी माझी, असा शब्द तिने दिला.

मग फायली जायला लागल्या. लाईट गेल्यावर शेवटच्या दोन ओळी गेल्या तर कोणी मनावर घेत नाही; इथे अख्खी फाईल जायची. नाव शाबूत, आत ठणठणाट. कोर्टातला अर्ज गेला, पतसंस्थेचा अहवाल गेला. दुसरी प्रत असायचा प्रश्नच नव्हता. गावाची रीतच अशी पडली होती की गिऱ्हाईकाने आपली फ्लॉपी आणायची, काम तिच्यावरच करून घ्यायचं आणि ती शर्टाच्या खिशात घालून घरी न्यायची. आपला मजकूर दुकानातल्या यंत्रात ठेवून जाणं म्हणजे शेताची कागदपत्रं शेजाऱ्याकडे ठेवण्यापैकी. यशोधरेने मध्यंतरी गुपचूप प्रती ठेवून पाहिल्या. ते कळल्यावर एक वकीलसाहेब असे भडकले की आबासाहेबांनी स्वतः शेजारी उभं राहून तिला त्या पुसायला लावल्या.

सगळ्यांत जपून असायचे ते श्रीमंत नावाचे सर. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे आणि घोडेगावच्या जनावरांच्या बाजारावर इंग्रजीत पीएचडीचा प्रबंध लिहीत होते. आपले आकडे कोणीतरी ढापून आधी छापेल, ही त्यांची कायमची धास्ती. ते शेजारी खुर्ची ओढून बसायचे, कच्च्या कागदांवरून सांगायचे, सांगता सांगता वाक्यं सुधारायचे, आणि यशोधरा टाइप करायची. प्रबंध दिवाळीपर्यंत विद्यापीठात पोचायला हवा होता. मुदत एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. अशात त्यांचं दुसरं प्रकरण गेलं. ते पुन्हा केलं, तर तिसरं गेलं. सर काही बोलले नाहीत, नुसते चष्मा पुसत बसले, आणि यशोधरेला तेच जास्त लागलं. बोलले ते आबासाहेब.

“मॅडम, आता अजून एक फाईल गेली की ही यंत्रं मी विकून टाकीन आन् हितं रसवंती टाकीन,” ते म्हणाले. “तिला बैल लागतो, लाईट लागत न्हाई.”

एडिटर सांभाळणारा गृहस्थ डेन्मार्कमधला होता, येन्स नावाचा. त्याला ईमेल करायची तर शेवगावात इंटरनेट कुठलं असायला. सुट्टीला एसटीने नगर गाठायचं, सावेडीत राहणाऱ्या सम्राट नावाच्या वर्गमित्राच्या घरी जायचं, त्याच्या मोडेमची कुईकुई संपेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं, आणि उत्तर वाचायला पुन्हा पुढच्या सुट्टीला जायचं. उत्तरं यायची, आणि अतिशय सभ्य यायची. आमच्याकडे फाईल काही केल्या जात नाही, तुमची फ्लॉपी खराब असावी. तिने नव्याकोऱ्या फ्लॉप्या आणल्या, फायली त्यांच्यावरूनही गेल्या. मग फ्लॉपीचा ड्राइव्ह तपासा. मग चांगला यूपीएस घ्या. इतक्या सभ्य माणसाचा इतका संताप येणं बरोबर आहे का, असं तिने घरी आईला विचारलं. विमलबाई म्हणाल्या, येऊ दे, पण आधी जेवून घे.

ती कोड वाचायला बसली. वाचून वाचून डोळे शिणले, पण चूक अशी दिसेना. सापडलं ते कोडात नाहीच. एका दुपारी चहाचा कप घेऊन ती गाळ्याच्या दारात उभी होती, आणि आत बल्ब पिवळा पडला. तिन्ही यंत्रांवरचे हात एकदम कळांवर गेले. तिन्ही फ्लॉप्या एकदम घरघरायला लागल्या, आणि त्यांची घरघर संपायच्या आत लाईट गेली.

यशोधरेच्या हातातला कप तसाच राहिला. हा एडिटर सेव्ह करताना आधी जुना मजकूर पुसायचा आणि मग त्या जागी नवा लिहायचा. छपराचे जुने पत्रे काढून ठेवून मग नव्या पत्र्यांची चौकशी करायला जाणाऱ्यासारखी गत. येन्सच्या यंत्रात ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकत असणार. फ्लॉपीला मात्र चांगला वेळ लागायचा. त्या मधल्या वेळात लाईट गेली की जुनंही गेलेलं आणि नवंही आलेलं नाही. जगात कोणी नेमकं त्याच घटकेला सेव्ह करत नसेल. शेवगावात सगळे त्याच घटकेला करायचे, कारण यशोधरेने त्यांना तेच शिकवलं होतं. तिला हसावं की रडावं कळेना.

तिने भिंतीवरचा कागद फाडला आणि बल्ब पिवळा पडला की हात वर करायचे, असा नवा हुकूम काढला. तो कोणालाच पाळता येईना. हात वर जायचे, पण सेव्हची कळ दाबून मग वर जायचे. तिचेही तसेच गेले. लोकांची सवय मोडण्यापेक्षा प्रोग्राम बदलणं सोपं, हे तिने ओळखलं. आता सेव्ह करताना मजकूर आधी दुसऱ्या नावाने पुरता लिहिला जाई, आणि तो नीट उतरला की मगच जुना हटवून त्याचं नाव नव्याला मिळे. लाईट कधीही जावो, जुना नाहीतर नवा, एक मजकूर हातात राहणारच. तेव्हापासून एकही फाईल गेली नाही. श्रीमंत सरांची प्रकरणं भराभर व्हायला लागली आणि आबासाहेबांनी रसवंतीचं नाव काढणं सोडलं.

तेवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण दुरुस्ती येन्सकडे जायला हवी, नाहीतर दर नव्या आवृत्तीत तीच चूक घरात परत येणार, आणि खरं सांगायचं तर आपलं म्हणणं खोटं नव्हतं हे त्या माणसाने एकदा मान्य करावं अशी तिची इच्छा होती. दुरुस्ती पाठवताना तिने पहिल्याच ओळीत लिहिलं की मी अशा गावात राहते जिथे लाईट जाण्याआधी कळतं, आणि कळलं की सगळे एकदम सेव्ह करतात. येन्सने उलट विचारलं, आधी कसं कळतं? तिने कपाळाला हात लावला. मग पुन्हा एसटी, पुन्हा सावेडी, आणि बल्ब कसा पिवळा पडतो यावर इंग्रजीत अख्खा निबंध.

दिवाळी तोंडावर आली असताना मासिकाची नवी सीडी आली. एडिटरच्या नव्या आवृत्तीबरोबर दुरुस्त्या आणि सुधारणांची यादी होती, आणि तिच्यात एक ओळ होती: फाईल जपून सेव्ह करण्याची सोय, यशोधरा भिंगारदिवे, शेवगाव, यांच्याकडून. तिने ती ओळ परत परत वाचली. आबासाहेबांनी पडद्यावर बोट ठेवून ‘शेवगाव’ वाचलं, पेढे आणवले आणि समोरच्या खताच्या दुकानदारालाही बोलावून दाखवलं. आपल्या मॅडमचं नाव असलेला एडिटर जगभर चालणार आणि आपल्याच यंत्रांत जुना, हे त्यांना बघवेना. यशोधरेलाही बघवेना. तिने तिन्ही यंत्रांवर हौसेने नवी आवृत्ती चढवली.

दुसऱ्या दिवशी श्रीमंत सर शेवटचं प्रकरण सांगायला बसले. सगळ्या प्रबंधाचा निष्कर्ष त्यात होता. त्या दिवशी त्यांना असं काही सुचत होतं की कच्चे कागद त्यांनी बाजूलाच ठेवले होते. प्रकरण संपत आलं आणि बल्ब पिवळा पडला. यशोधरेने निर्धास्तपणे सेव्ह केलं. लाईट गेली, डब्याने शिट्टी मारली. लाईट आल्यावर तिने फाईल उघडली, तर आत काही नव्हतं.

तिने यादी पुन्हा काढली आणि या वेळी आपल्या नावाच्या खालची ओळ वाचली. ही सोय सुरुवातीला बंद ठेवली आहे. तिच्यामुळे सेव्ह व्हायला वेळ लागतो आणि बहुतेकांना तिची गरज पडणार नाही. आधी तिला स्वतःची लाज वाटली. पाट्या लावून जगाला शिस्त लावणारी बाई आपलं नाव दिसल्यावर पुढची एक ओळ वाचू शकली नाही. आणि मग त्या ‘बहुतेकांना’चा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने जे झालं ते सरांना सांगितलं, काही लपवलं नाही.

सरांनी कागद गोळा केले. रस्त्यापलीकडे सहादेवचं टाइपरायटरचं दुकान होतं, तिथे ते निघाले. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, “मॅडम, आपण कुठे राहतो ते तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं का?”

“सांगितलं होतं सर. पहिल्याच ओळीत.”

सरांनी मान हलवली आणि ते रस्ता ओलांडून गेले. सांगता सांगता सुचलेलं ते सगळं पुन्हा तसंच सुचणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

आता रसवंती, असं धरून यशोधरा बसली. आबासाहेबांनी शेजारी खुर्ची ओढली. मग त्यांनी विचारलं, तुमची ती दुरुस्ती मोडली का बंद हाय? बंद आहे, ती म्हणाली. कोणासाठी बंद, त्यांनी विचारलं. ज्यांच्याकडे लाईट जात नाही त्यांच्यासाठी, ती म्हणाली.

“मंग आदी आपली तिन्ही यंत्रं चालू करा, दुपारी बॅच हाय,” आबासाहेब म्हणाले. “आन् ती झाली की एसटी पकडा. त्याला काय लिवायचं ते तुमी बघा.”

नगरला पोचल्यावर तिने या वेळी येन्सला ना बल्ब समजावला ना पंखा, आणि नाव छापल्याबद्दल आभारही मानले नाहीत. एवढंच लिहिलं, की ही सोय सगळ्यांसाठी चालू ठेवा. ज्यांच्याकडे लाईट जात नाही त्यांनी ती बंद करून घ्यावी.