इस्माईल पिंजाऱ्याच्या टाचेमागची दोरी

मी घोडनस बोलतोय. टाचेच्या जरा वर, मागच्या बाजूला चिमटीत धरून बघा. टणक दोरी लागली ना हाताला? ती माझी भावकी. मी स्वतः जालन्याच्या इस्माईल पिंजाऱ्याच्या उजव्या पायात राहतो. ‘नस म्हणजे बाई, अन् हा बुवासारखा काय बोलतो?’ असं विचारू नका. गावानं मला बाई केलं, दवाखान्यानं बुवा केलं. मला कुणी विचारलंच नाही!

माझं काम सोपं. पोटरी ओढते, मी टाच उचलतो, माणूस पुढं सरकतो. कौतुक मात्र पोटरीचं. पैलवान तिला तेल चोळतात, अन् मला काय, तर चपलेच्या पट्ट्याचा घासा. दर हिवाळ्यात इस्माईलला पिंजायची कमान-मोगरी घेऊन हसनाबादेकडच्या गावांत कुणी चालवत नेलं? गाद्या-रजयांचा कापूस पिंजून देणारा हा एकच माणूस, म्हणून गावं वाट बघायची. पाय कुणाचे, याची चौकशी नव्हती.

निजामाच्या फसली हिशेबानं तेराशे सत्तेचाळीस, तुमच्या इंग्रजी हिशेबानं एकोणीसशे सदतीस साल. दसरा नुकताच झाला होता. भरबाजारात इस्माईलनं नाली ओलांडायला उडी मारली अन् फट्ट! मी तुटलो.

मी तुटलो की माणसाला दुखण्याआधी वाटतं, मागून कुणीतरी लाथ घातली. इस्माईलनं गर्रकन वळून बघितलं. मागं उभा बद्रीनाथ तेली, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त.

“बद्र्या, लाथ का मारली बे?”

“मी? मी तर भजं खाऊन राह्यलो!”

“खाता खाता मारली!”

असं म्हणून हा गडी खाली बसला, तो उठेनाच. बद्रीनाथ हात द्यायला वाकला, तर यानं तोही झिडकारला. तुटलो मी, अन् मान दुसऱ्याच्या लाथेला! एवढ्यात चार शहाणे गोळा झाले. “शीर चढली हो, वढा!” म्हणत दोघांनी माझी दोन टोकं दोन गावांना पाठवली. अरे, शिरेत रक्त असतं. माझ्यात कुठलं आलंय?

घरी दोन विद्वान आले. वैद्य दीनानाथशास्त्री म्हणाले, “ही कंडरा. जुन्या ग्रंथांत आहे.” लेप लावला, गरम. डॉक्टर गिरिधर हैदराबादेहून शिकून आलेले. तिथं डॉक्टरकीसुद्धा उर्दूत शिकवायचे. ते म्हणाले, “वतर-ए-उर्कूब तुटला.” म्हणजे मीच!

इस्माईलची बायको अकबरबी मटकन खाली बसली. “या अल्ला, अरबी बिमारी! हमारे खानदान में किसीकू नै हुई!”

इस्माईलही घाबरला. “डाक्टरसाब, इतक्या मोठ्या नावाची चीज माझ्या पायात कुठून आली?”

झालं. शीर म्हणाल्यावर लोकांनी खेचलं, वतर म्हणाल्यावर ताईत बांधला. माणसं दुखणं मोजतात ते नावाच्या लांबीवर!

मग दोघा विद्वानांची जुंपली, माझ्या अंगावरून. शास्त्री म्हणाले, स्नायू हा शब्दसुद्धा मूळचा याच दोरीचा, धनुष्याच्या दोरीलाही तोच शब्द होता. डॉक्टर म्हणाले, यवनांकडं, म्हणजे जुन्या ग्रीकांकडं, ‘न्यूरॉन’ म्हणजे अशीच दोरी. पुढं तो शब्द मेंदूच्या तारांनी पळवला. म्हणजे बघा, माझं एक नाव मांसानं नेलं, दुसरं मेंदूनं. चोरी झाली अन् फिर्याद कुणी केली नाही! इंग्रजांचं ‘टेंडन’ म्हणजे ताणणारा. आपला ताण, तंतू अन् पिंजाऱ्याच्या कमानीची तांत, सगळी त्याच घरातली.

विलायतेत मला एका यवन वीराचं नाव दिलंय म्हणे. त्याच्या आईनं त्याला टाचेला धरून जादूच्या नदीत बुडवलं. अंग सगळं पोलादी झालं, हाताखालची टाच तेवढी कोरडी राहिली, अन् तिथंच बाण लागून तो मेला. अहो बाई, दुसरा पाय धरून आणखी एकदा बुडवलं असतं तर नदी आटली असती का?

असो. डॉक्टरांनी बोटं खाली झुकवून पाऊल पट्टीत बांधलं. “पट्टी सोडायची नाही. माझी दोन टोकं एकमेकांना लागू देत,” असं मीही ओरडत होतो, पण मला तोंड नाही. चार दिवसांत इस्माईलनं पट्टी सोडली. पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

“थंडी आली डाक्टरसाब. हसनाबादवाले दुसरा पिंजारी बघतील. माझी गावं गेली तर मी काय करू?”

“आता चाललास तर जन्माचा लंगडशील! कुठलीच गावं उरणार नाहीत.”

“दुखणं कमी हाय ना पण.”

डॉक्टर उठले, खुंटीवरची बांबूची लहान कमान काढली अन् पट्टीच्या कात्रीनं तिची तांत कच्चकन कापली. चांगली, धडधाकट तांत!

इस्माईल किंचाळला. मी तुटलो तेव्हा इतका ओरडला नव्हता.

डॉक्टर शांतपणे दोन्ही टोकं ओढून गाठ मारू लागले. टोकं काही मिळेनात. इस्माईलला राहवेना.

“अहो, वढून मिळत असतात का टोकं? आधी कमान वाकवा! टोकं जवळ येऊ द्या, मंग गाठ मारा. आन् गाठ पक्की बसस्तोर कमान सोडू नका, न्हाईतर पुन्हा तुटंल!”

“बोला, बोला,” डॉक्टर म्हणाले. “कमान म्हणजे तुमचं पाऊल. वतर म्हणजे अरबीत हीच, कमानीची दोरी. मी पाठ केलं होतं. कळलं आत्ता, तुमच्या भिंतीकडं बघून.”

इस्माईलनं पाय पुढं केला. अकबरबी पदराआड हसली. “आता बांधा पट्टी. सोडली तर मीच बघते.”

तिनं बघितलं. त्या हिवाळ्यात हसनाबादला दुसरा पिंजारी गेला. इस्माईल दारात बसून कुढला, पण पट्टी सुटली नाही.

पट्टी निघाली तशी काठी टेकत हा पहिल्यांदा गेला बद्रीनाथच्या घाण्यावर. तोवर दोघं बोलत नव्हते.

“बद्रीभाऊ, लाथ तुझी नव्हती. नस तुटली होती.”

“मी बाजारातच सांगून राह्यल्तो!”

“मंग आता खरीच मार एक. फिट्टंफाट.”

बद्रीनाथनं त्याच्या वाळक्या पायाकडं बघितलं अन् पाठ फिरवून उभा राहिला. “आधी तू मार. बघू दे, चालतो का पाय.”

इस्माईलनं डावा पाय रोवला. पोटरीनं ओढलं, मी टाच उचलली. लाथ बसली, फुलासारखी.

“लई हळू मारली बे,” बद्रीनाथ म्हणाला अन् तेलकट फडक्यानं डोळे पुसू लागला.

आज दहा-अकरा वर्षं झाली. मी जाड झालोय, गाठाळ झालोय, थंडीत सकाळी कुरकुरतो. ती गाठीची तांत जरा बोबडी वाजते, मीही जरा बोबडाच चालतो. पण हसनाबादनं पुढच्याच हिवाळ्यात इस्माईलला परत बोलावलं. निम्मी वाट तो बद्रीनाथच्या बैलगाडीत जातो, निम्मी माझ्यावर.

तुम्ही मला घोडनस म्हणा, कंडरा म्हणा, वतर म्हणा, माझी आता तक्रार नाही. फक्त तुटल्यावर ओढू नका. अन् चालता चालता मागून लाथ बसल्यासारखं वाटलं, तर मागच्याची गचांडी धरण्याआधी खाली वाकून मला एकदा हात लावून बघा.