हशा ओसरेपर्यंत

"साहेब, हा गुडघा कार्डिफला पाठवायचाय," असं म्हणून लेनर्ड पास्कने आपला डावा पाय पोस्टाच्या खोट्या काउंटरवर ठेवला. पुढचं वाक्य तो बोलला तेव्हा समोर पोस्टमास्तर झालेल्या ग्विलिमच्या भुवया वर गेल्या. लोक अजून हसत होते. वाक्य हशात बुडालं होतं. लेनर्ड घाबरला. पुढच्या हशाला तो थांबला, आणि थांबूनच राहिला. हशा केव्हाच विरला होता. लीड्सचं अख्खं थिएटर त्याच्याकडे बघत होतं.

'बुधवारची बदकं' ही पाच जणांची मंडळी. चौघे विद्यापीठात एकत्र शिकलेले, लेनर्ड तेवढा विमा कचेरीतली नोकरी सोडून आलेला. टीव्हीवर आले तेव्हा निम्म्या देशाने नाकं मुरडली, उरलेला निम्मा खुळावला. त्या शेंडाबुडखा नसलेल्या विनोदात कुठे थांबायचं यावरच सगळी मदार असे. आणि हिवाळ्यापासून लेनर्डचे कान जात चालले होते. डॉक्टरने आशा ठेवली नव्हती. बायकोखेरीज त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. वसंतात मंडळीच्या पहिल्या सिनेमाचं चित्रीकरण सुरू व्हायचं होतं. बहिऱ्या नटाला कोण ठेवून घेणार?

त्या संध्याकाळी रंग पुसताना त्याला आरशात ग्विलिमचे ओठ हलताना दिसले. किती वेळ बोलत होता, कोण जाणे. मग तो समोर येऊन बसला.

"कधीपासून, लेन?"

लेनर्ड सर्दीचं निमित्त सांगू लागला.

"मी मघापासून तुझ्या आईला शिव्या घालतोय," ग्विलिम म्हणाला. "नुसत्या सर्दीत एवढं कुणी ऐकून घेत नाही."

लेनर्डने रंग पुसायचा बोळा खाली ठेवला. "बाकीच्यांना सांगू नकोस रे," एवढंच तो बोलू शकला. ग्विलिमने बोळा उचलून त्याच्या कानामागे राहिलेला रंग पुसला.

दुसऱ्या दिवशी हशा ओसरू लागला तसा ग्विलिमने काउंटरवर शिक्का आपटला. लाकडातला हादरा लेनर्डच्या काउंटरवर टेकलेल्या तळहातात शिरला. तो दचकला, मग बोलला. वाक्य बरोबर बसलं.

आठवड्याभरात दुसरा एक जण रंगमंचाच्या फळीवर बूट आपटू लागला, तिसरा काठी. ग्विलिमने सगळ्यांना सांगितलं होतं तर. पण त्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही, आणि सिनेमातून लेनर्डला कुणी वगळलंही नाही. भीती मात्र गेली नाही. एखाद्या दिवशी यांच्यातला कुणी विसरला तर, या धास्तीने तो झोपेतही तळहात चाचपत राही.

पुढे कुणाचं नाव आधी छापायचं यावरून भांडणं झाली आणि मंडळी फुटली. शेवटचा खेळ लंडनला झाला. तोवर लेनर्डला काहीच ऐकू येत नव्हतं. खेळ संपला, लोक उभे राहिले. बाकीचे चौघे वाकून आत गेले. लेनर्ड जागचा हलला नाही. पहिल्या रांगेत एक म्हातारी बाई हातमोजे काढून टाळ्या वाजवत होती. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. ते हात थकून खाली आले, तेव्हा त्याने तिच्यापुढे मान लववली.