डबी कपाटात होती

"काका, डबी आली ना? मंग लावून टाका. तुमाला अर्ध्या दिवसाचं काम हाय."

मिथुन हेडसेट गळ्यात अडकवून हँगरच्या दारात उभा होता. बळीराम घरतांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"काम अर्ध्या दिवसाचं हाय. पन मंजुरीचा कागद नाय आला. कागदाबिगर मी मशीनला साधी वायर पन लावीत नाय, तुला म्हाईत हाय."

"मंजुरीचा अर्ज तर पाठवलात ना?"

"पाठवलाय," बळीराम म्हणाले आणि पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलला.

अर्ज पाठवलेला नव्हता. नऊ दिवस तो त्यांच्या खणात पडून होता.

पनवेलच्या खाडीकाठी एका छोट्या कंपनीचं हेलिपॅड होतं. दोन हेलिकॉप्टरं. समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर इंजिनिअरांना न्यायचं आणि आणायचं, कधीमधी एखाद्या पेशंटला मुंबईत पोचवायचं, एवढाच पसारा. सत्तावीस वर्षं बळीराम तिथे इलेक्ट्रिशियन होते. सुकापूरहून सायकलवर यायचे, पुढे स्कूटर आली. आतली तुटलेली तार ते नुसत्या बोटांनी चाचपून शोधायचे, आणि काम झालं की त्याखाली त्यांची सही लागायची. त्या सहीवर वैमानिक डोळे मिटून बसत.

खाडीवर घारी आणि बगळे फार. दोन वर्षांत तीन वेळा पाखरं मशीनवर आदळली होती. म्हणून कंपनीनं एका हेलिकॉप्टरला लुकलुकत्या दिव्यांची डबी बसवून पाहिली. पोटाखालचे दोन मोठे दिवे एरवी नुसते जळत राहायचे, आणि भर दिवसाच्या उजेडात ते कुणाच्या नजरेतही यायचे नाहीत. डबी बसवल्यावर डावा पेटला की उजवा मंद व्हायचा, उजवा पेटला की डावा. पहिल्या दिवशी बळीराम बांधावर जाऊन मुद्दाम उभे राहिले होते. मशीन लांब होतं तेव्हाच त्यांना दिसलं. घारींनाही दिसलं असावं, कारण त्या आधीच बाजूला वळल्या. आठ महिन्यांत त्या मशीनवर एकही पाखरू आदळलं नाही. मग दुसऱ्या मशीनसाठी दुसरी डबी मागवली. ती आली आणि कपाटात राहिली.

पूर्वी विमान खात्याकडे जाणारा असा अर्ज बळीराम हातानं लिहायचे. पट्टी-पेन्सिलीनं तारांची आकृती काढायचे, ऑफिस ती पोस्टानं पाठवायचं. त्या वर्षीपासून, म्हणजे २०११ पासून, सगळं कॉम्प्युटरवर भरायचं ठरलं. बळीरामांनी दोनदा भरायला घेतलं. दोन्ही वेळा अर्ध्यात पान गायब झालं. शेजारच्या टेबलावर अंकिता बसायची, कंपनीची नवी इंजिनिअर, त्यांच्या मुलीच्या वयाची. तिनं दहा मिनिटांत भरून दिला असता. पण महिन्यापूर्वीच मोठ्या साहेबांसमोर ती म्हणाली होती, "बळीरामकाकांना विचारा, त्यांना सगळं येतं." त्यानंतर तिच्याकडे जाऊन 'मला हे येत नाही' म्हणायला त्यांची जीभ उचलेना.

मिथुन विचारून गेला त्यानंतर दोन दिवसांनी ते एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेले. तिथल्या माणसानं वीस मिनिटांत अर्ज पाठवला. अकरा दिवस वाया गेले होते. बळीरामांना वाटलं, सुटलो.

मिथुन उरणच्या कोळ्यांचा. त्याचा बाप काशिराम अजून होडी घेऊन जायचा, आणि पोरगा त्याच समुद्रावरून हेलिकॉप्टर न्यायचा. बाकीच्यांशी तो इंग्रजीत बोले, बळीरामांशी गावच्या बोलीत.

पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारी डबीवालं मशीन तपासणीसाठी खोललेलं होतं. मिथुन दोन इंजिनिअरांना घेऊन दुसऱ्या मशीनमधून उडाला. सकाळचे पावणेअकरा वाजले होते. तिवरांच्या वर एक घार काच फोडून आत शिरली.

दोन मिनिटांनी मशीन परत आलं. थोडं तिरकं, पण सरळ खुणेवर उतरलं. बळीरामांनी धावत जाऊन दार उघडलं. मिथुनच्या चेहऱ्याची उजवी बाजू रक्तानं भरली होती. पिसं सगळीकडे होती.

"काका, मागची मान्सं बगा पयली," तो म्हणाला.

मागच्या दोघांना खरचटलंही नव्हतं. मिथुनचा उजवा डोळा गेला. त्याबरोबर उडणंही गेलं.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "डबी स्टोअरमध्ये होती, तरी बसवली नाहीत?"

"मंजुरी नव्हती साहेब."

"बरोबर केलंत. अशी शिस्तीची माणसं हवीत," अधिकारी म्हणाला. मोठ्या साहेबांनी बळीरामांच्या पाठीवर हात ठेवला. अर्ज कधी पाठवला, ते कुणी विचारलंच नाही.

अपघातानंतर सहाव्या दिवशी मंजुरी आली. ते अकरा दिवस गेले नसते तर ती अपघाताच्या पाच दिवस आधी आली असती. हा हिशेब बळीरामांनी कॅलेंडरसमोर उभं राहून पुन्हा पुन्हा केला. उत्तर बदललं नाही. त्यांनी डबी बसवली. अर्धाच दिवस लागला.

घरी त्यांचं जेवण कमी झालं. त्यांच्या बायकोनं, चंद्रावतीनं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी ताट वाढलंच नाही. "आदी सांगा काय झालंय."

त्यांनी सांगितलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"कुनाला म्हाईत हाय हे?"

"मला."

"नोकरीची चार वर्सं ऱ्हायलीत तुमची."

"व्हय."

तिनं उठून ताट वाढलं. रविवारी सकाळी त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता.

मिथुन नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दार त्याच्या बायकोनं, किशोरीनं उघडलं. मिथुन काळा चष्मा लावून खिडकीशी बसला होता. बळीराम बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं, खणातल्या अर्जापासून कॅलेंडरपर्यंत.

मिथुननं पूर्ण ऐकून घेतलं. "मी इचारलं तवा पाठवला नव्हता?"

"नव्हता."

"मंग मला का नाय सांगितलात? मी भरून दिला असता. तितंच, हँगरमंदी बसून."

बळीरामांना हे सुचलंच नव्हतं. इतक्या दिवसांत, इतक्या वेळा मनात घोळवूनही नाही.

"लाज वाटली," ते म्हणाले.

"लाज," मिथुन म्हणाला. तो शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखा म्हणाला. मग त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. किशोरीनं चहा आणून ठेवला तेव्हा तो म्हणाला, "च्या घ्या काका. पन इतक्यात परत येऊ नका."

बळीरामांनी चहा घेतला. कडू-गोड काही कळलं नाही.

सोमवारी त्यांनी एक पानभर लिहून अंकिताच्या टेबलावर ठेवलं. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं.

"काका, हे द्यायची गरज नाहीये. कोणी विचारलेलंच नाही."

"म्हणून लिहिलं बाई. कुणी विचारणार नाही, म्हणजे मीच सांगायला हवं."

"माझ्याकडे का नाही आलात तुम्ही? मी काय हसले असते?" बळीरामांनी कागद तिच्याकडे आणखी सरकवला.

नोकरी राहिली, सही गेली. मशीनच्या कामाखाली आता नाशिकहून आलेला दुसरा माणूस सही करू लागला. बळीरामांना बॅटऱ्या चार्ज करायच्या खोलीत बसवलं. जुने सहकारी तिथून जाताना घाईत असल्यासारखे जायचे. शनिवारी दुपारी अंकिता आपल्या कॉम्प्युटरशेजारी बळीरामांसाठी दुसरी खुर्ची ओढून ठेवायची. पहिले दोन शनिवार बळीराम गेले नाहीत. तिसऱ्या शनिवारी जाऊन बसले.

जानेवारीत मिथुन आपलं कपाट रिकामं करायला आला. ऑफिसात सगळ्यांनी हात मिळवले, कुणीतरी फोटो काढला. मग तो बॅग घेऊन एकटाच निघाला, हँगरसमोरच्या मोकळ्या जागेतून फाटकाकडे. एका डोळ्यानं चालायचा अंदाज त्याला अजून आला नव्हता. उजवीकडे मशीन ओढायचा लोखंडी दांडा आडवा पडला होता आणि तो सरळ त्याच्यावर चालला होता.

बळीराम बॅटरीच्या खोलीतून बाहेर आले. हाक मारायचा धीर झाला नाही. झपाझप चालत ते त्याच्या उजव्या बाजूला आले आणि दांडा जवळ येताच त्याच्या कोपराला हलकेच बोट लावलं. मिथुननं पाय उचलून पुढे टाकला. बाजूला कोण आहे, हे त्यानं वळून पाहिलं नाही.

फाटक अजून बरंच लांब होतं. थोडं चालून झाल्यावर मिथुननं उजव्या हातातली बॅग डाव्या हातात घेतली, आणि मोकळा झालेला हात बळीरामांच्या बाजूला तसाच राहू दिला.