बंबात किती पाणी मावतं

आमच्या बोरी गावात जे चार-दोन बंब उरलेत ते सगळे तांब्याचे. बिडाचा, ओतीव लोखंडाचा, फक्त आमचा. पणजोबांनी तो निजामाच्या राज्यात कुठल्याशा बंगल्याच्या लिलावात घेतला, बैलगाडीतून आणला, आणि दारातून आत जाईना म्हणून आधी बंब उभा करून मग त्याच्याभोवती न्हाणी बांधली. माझ्या छातीइतका उंच, काळाकुळकुळीत, तीन पायांवर उभा. लहानपणी मला तो घरातला सगळ्यात वडीलधारा माणूस वाटायचा. आज चाळिशी उलटली तरी न्हाणीत मी जरा दबकूनच शिरते.

त्याची रीत सोपी. मधल्या नळकांड्यात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटवायच्या. वरच्या तोंडातून गार पाण्याचा एक तांब्या ओतला की बाजूच्या चोचीतून तेवढंच गरम पाणी बादलीत पडतं. त्यामुळे बंब कायम काठोकाठ भरलेला. तो रिकामा झालेला कुणी कधी पाहिला नव्हता, आणि आत किती पाणी मावतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा संक्रांतीच्या आधी माझ्या धाकट्या भावाचा, जीवनचा फोन आला. "ताई, तू ये. बंबावरून घर फुटायलंय."

मानवतला माझं सासर, तिथून एसटीने गेले. बघते तर घरात तीन मतं. जीवनला बंब काढून गच्चीवर सोलर बसवायचा होता. अण्णा, म्हणजे आमचे वडील माणिकराव, म्हणत होते, "पिढ्यानपिढ्या टिकलेली वस्तू हाय. तुमचं सोलर किती टिकतं ते बघू." आणि आई, कस्तुराबाई, तिचं तिसरंच. तिच्या मते खोट बंबात नव्हतीच, सुनेत होती.

"आधी बारा माणसं न्हायची एका जाळावर," आई मला ऐकवायला लागली. "आता चौघांचं भागंना. पाणी जातंय कुठं मग? ही सांडती नुसती. पऱ्हाट्याबी दुप्पट जाळती. उधळा हात हाय हिचा."

राजेश्री वहिनी तिथंच भाकऱ्या थापत होती. तिनं मान वर केली नाही. जीवननं मला अंगणात नेऊन सांगितलं, की दिवाळीपासून ती गार पाण्यानंच अंघोळ करते, अंगात कणकण असली तरी. आणि आता माहेरी जाते म्हणते. "भांडून म्हणली असती तर समजूत काढली असती, ताई. शांतपणे म्हणायली. परत येणार का, विचारलं तर बोलंना."

मला आईचा संताप आला. आईचा संताप आला की मी आधी चहा पिते, नाहीतर तोंडून भलतंच निघतं. चहा होईपर्यंत आईनंच तोड काढली. "ही शीला माझ्या हाताखाली वाढलेली. हिला न्हाऊ द्या. मग बघा कसं पुरतं ते."

झालं, मला परीक्षेला बसवलं. मी अगदी चिक्कूपणानं न्हायले, केसांना पाणी लागू दिलं नाही. तरी अंगाचा साबण निघायच्या आत चोचीतून कोमट यायला लागलं, आणि मग चक्क गार. दात वाजवत बाहेर आले.

आईनं बादलीत डोकावून पाहिलं. "तूबी सासरी जाऊन बिघडलीस," ती म्हणाली.

जीवनला हसू फुटलं, अण्णांनाही. वहिनी मात्र हसली नाही. ती माझ्याकडं टक लावून बघत होती.

"अण्णा," मी म्हणाले, "ह्या बंबाचं झाकण उघडा."

"ते आजपर्यंत कुणी उघडलं न्हाई."

"म्हणूनच उघडा."

बोल्ट गंजून एकजीव झाले होते. डिझेल सोडलं, पाने लावले, हातोडीनं ठोकलं, आणि दुपारी कधीतरी झाकण सुटलं. जीवन मगानं पाणी उपसायला लागला. बाहेरून बघितलं तर त्यात दहा बादल्या सहज मावाव्यात. दीड बादली निघाली आणि मग तळाला घासल्याचा आवाज यायला लागला.

जीवननं मोबाईलचा उजेड आत धरला.

आत लोखंड नव्हतंच. नुसता दगड. पांढरा, ओला, चमचमणारा. चहूबाजूंनी तो आत आत वाढत आला होता, पडद्यासारख्या चुण्या पडलेला, मधेच मोत्यांसारखे दाणे धरलेला. मधल्या नळकांड्यालाही तोच दगड लपेटला होता, म्हणून पऱ्हाट्या दुप्पट जात होत्या, आणि दोन्हींच्या मधे हात जाईल एवढीच जागा पाण्याला उरली होती. रोज चहाच्या भांड्याला धरतो तोच हा क्षार, पण इतक्या वर्षांचा. आमच्या अंगावरून वाहून गेलेलं सगळं पाणी जाता जाता आपला चिमूटभर दगड इथं ठेवून गेलं होतं, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. देवळात असल्यासारखे आम्ही सगळे त्याच्यापुढं उभे होतो. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आपल्या विहिरी हायत ह्या," ते हळूच म्हणाले.

जीवननं छिन्नीनं एक ढलपा काढला, वीतभर जाडीचा. त्यात पदर दिसत होते. अण्णांनी बोट ठेवून सांगितलं, हा पिवळा आजोबांच्या आडाचा, हा पांढरा मळ्यातल्या विहिरीचा, हा राखाडी बोअरचा.

आईनं तो ढलपा मागून घेतला आणि मांडीवर ठेवला. "मी ह्या घरात आले तवा कितवर व्हतं हे?"

अण्णांनी अंदाजानं नख टेकवलं. आई तिथून पुढं बोट फिरवत राहिली.

"सासूबाई म्हणायच्या, त्यांच्या वक्ताला वीस माणसं न्हायची एका जाळावर," आई म्हणाली. सासूबाई म्हणजे माझी आजी, पार्वतीबाई. "मला उधळी म्हणायच्या. चारचौघीत म्हणायच्या. आन मला ते खरंच वाटायचं. वाटायचं, आपलाच हात सैल हाय. मग सगळीकडं पाणी राखत गेले. ही शीला झाली तवा बाळंतिणीची अंघोळसुद्धा अर्ध्या बादलीत केली."

हे मला कधीच माहीत नव्हतं. मघाचा माझा सगळा राग तिथंच विरघळला.

आईनं वहिनीकडं पाहिलं. "राजेश्री, मी बोलायची ते तुला खरं वाटायचं का गं?"

"वाटायचं, आत्या," वहिनी म्हणाली. "मी तांबे मोजून घ्यायची. तरी सरायचं. मग गारच घ्यायला लागले."

आईनं मांडीवरचा ढलपा खाली ठेवला आणि म्हणाली, "जीवन, सोलर सांगून ये. आजच."

"आन बंब?" अण्णांनी विचारलं.

"राहू द्या उभा. हात जोडण्यासारखाच हाय तो. पण आता कुण्या सुनेला त्याच्यापुढं तांब्या घिऊन बसवू नका."

तिनं उठून गॅसवर घरातली दोन मोठी पातेली चढवली. पाणी कढल्यावर वहिनीला हाताला धरून न्हाणीत नेलं, पाटावर बसवलं आणि स्वतः पदर खोचून तिच्या डोक्यावरून पाणी घालायला लागली. वहिनी आधी "पुरे, पुरे" म्हणत होती, मग तिचं रडू ऐकू आलं. बादली सरली की आई आतूनच ओरडायची, "शीला, अजून आण."