सारजाबाईंच्या पायांवर

“मशीननं हाही लाल केलाय, बघा जरा,” असं सांगून आमचे टीमप्रमुख दयानंद सर चहाला गेले. मी व्हिडिओ सुरू केला, तर पडद्यावर माझीच लेक.

दोन हजार नऊ सालची गोष्ट. मुलांनी पाहू नयेत असले व्हिडिओ मशीनला आपोआप ओळखता यावेत, म्हणून हिंजवडीच्या त्या कंपनीत आम्ही त्याला शिकवायचो. मशीन संशयास्पद व्हिडिओंवर लाल खूण करायचं. ‘चालेल’ की ‘नको’ हे आम्ही ठरवायचं. मशीन कसलं, नंबर एकचं ढ! उघडं अंग दिसलं की लाल. तालमीतले पैलवान लाल, नदीत डुंबणारी पोरं लाल. आम्ही हसायचो. हसलो नसतो, तर उरलेलं बघवलं नसतं.

व्हिडिओत चार महिन्यांची अपेक्षा सारजाबाईंच्या लांब पसरलेल्या पायांवर उताणी होती. सारजाबाई म्हणजे मारुंजीतल्या आमच्या घरमालकीणबाई. सकाळच्या उन्हात अंगणात तिला तेल लावून न्हाऊ घालायच्या. परभणीच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे येता येईना, म्हणून माझ्या नवऱ्यानं, मनीषनं, हौसेनं तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला होता.

मला हसू आलं. मेल्या, लेकराची आंघोळ कळत नाही तुला? ‘चालेल’ दाबणार, तेवढ्यात खालचा आकडा दिसला. आमचे सगळे नातलग धरले तरी वीस-पंचवीस. इथे हजारो लोक पाहून गेले होते, आणि खाली लिहूनही गेले होते. काय, ते सांगणार नाही. तसलं मी रोज वाचत होते, पण माझ्या लेकीखाली नाही.

सर परतल्यावर मी सांगितलं, ही माझी मुलगी. ते ओशाळले. मग चाचरत म्हणाले की नियमानं हा ‘चालेल’च, ‘नको’ केलं तर मशीन चुकीचं शिकेल. खरंच होतं ते.

“व्हिडिओ चांगलाच आहे, सर. बघणाऱ्यांवर खूण कुठे करायची?”

मी ‘चालेल’ दाबलं आणि घरी येऊन मनीषला व्हिडिओ काढून टाकायला लावला. त्याचा चेहरा एवढासा झाला. आपलेच दात, आपलेच ओठ, रागवणार कुणावर? सासूबाई मात्र फोनवर रुसल्या. भाच्याच्या दुकानात जाऊन त्या रोज कॉम्प्युटरवर नात बघायच्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी सारजाबाईंनी अंगणात पाट मांडला. मी म्हटलं, आत मोरीत घाला.

“अंधारात? लेकराला ऊन नगं व्हय?”

“नको, मावशी. आतच.”

पुटपुटत त्या आत आल्या. मोरीत पाय पुरते पसरेनात, तरी पोरीला घेऊन बसल्या. तेलाचा हात फिरताच अपेक्षा खदखदून हसायला लागली.

“बघ तरी गं, कशी हसतीया.”

मी दाराकडे तोंड करून उभी होते. त्या हजारो लोकांनी तिला कसं पाहिलं, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. सारजाबाईंनी पुन्हा हाक मारली. मला वळून बघवलं नाही.